मायचा कांदा

त्या कुत्र्याला मी रोज दुपारी कांदा खाऊ घालत होतो. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिचा तो कुत्रा होता त्या पुतणीला तर नाहीच. कांदा कुत्र्याच्या रक्तात भिनतो, ते रक्त आतल्या आत मोडत जातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेवढी चूक अजाणता झाली म्हणा. पण डॉक्टरांनी समोर विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणालो, ते जाणून म्हणालो.

आता पहिल्यापासून सांगतो.

रिसोडला माझं पंख्यांचं आणि कूलरचं दुकान आहे. घर विहाराच्या मागच्या गल्लीत. लहानपणी त्या घरावर टिनपत्रे होते आणि उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. माय दुसऱ्याच्या वावरात कामाला जायची. जाताना स्वतःच्या पदराच्या गाठीत एक कांदा, माझ्या चड्डीच्या खिशात एक, धाकट्याच्या खिशात एक. कांद्याशिवाय ती आम्हाला उंबरा ओलांडू द्यायची नाही. वर्गात निम्म्या पोरांच्या खिशात कांदे असायचे, त्यामुळे वासाची लाज कोणालाच नव्हती. कोणाला ऊन लागलं की माय कांदा ठेचून त्याच्या तळपायांना चोळायची आणि उरलेला ताकात कालवून पाजायची. "उनाचं जहर कांदा वढून घेते," म्हणायची. तिच्या हातचं ते आंबट-तिखट ताक मला अजून जिभेवर आठवतं.

धाकटा शिकला, नोकरी मिळवून कॅनडाला निघाला. ऐन हिवाळा होता. आम्ही सगळे नागपूरला विमानतळावर सोडायला गेलो. आत जायच्या आधी मायनं त्याच्या नव्या कोटाच्या खिशात गुपचूप हात घातला. त्याच्या लक्षात आलं.

"माय, तिथं बर्फ हाय. कांदा कायले?"

"असू दे. ऊन काय कोन्या एका गावचं हाय? कुठंबी निघते."

तो हसत गेला. तिथं खोली गरम ठेवायची पट्टी असते, तिच्यावरच्या खिडकीत त्यानं तो कांदा ठेवून दिला. महिनाभरानं फोन आला, "माय, तुह्या कांद्याले कोंब आला." माय खाटेवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पुढं कितीतरी वर्षं विहारातल्या बायांना ती सांगायची, "माहा कांदा कॅनडात उगोला, बाई."

माय गेली. भावाला तिच्या शेवटच्या आजारपणात येता आलं नव्हतं, ते त्याला खात राहिलं. शेवटी त्यानं ठरवलं, बस झालं, आता गावी राहायचं. त्याची बायको तयार झाली. मुलगी तेव्हा आठवीत होती, तीही तयार झाली, पण एका अटीवर. तिचा कुत्रा सोबत येणार. भाऊ म्हणत होता की तिथल्या शेजाऱ्यांकडे ठेवू, ते सांभाळायला राजी आहेत. तिनं ऐकलं नाही. "त्याच्याबिगर मी येत नाई," म्हणाली.

एवढीशी पोर, पण तिनं तयारी केली ती मोठ्यांनी शिकावी अशी. विमानातला पिंजरा महिनोन्महिने आधी आणून घरात ठेवला आणि कुत्र्याला त्यात झोपायची सवय लावली. सुया टोचल्या, कागद केले. आणि यायचं ते हिवाळ्याच्या तोंडाशीच, हा तिचा हट्ट. म्हणजे त्याच्या अंगाला आपली हवा हळूहळू कळेल, एकदम वैशाखात आणून टाकायचं नाही. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरला तिनं आपल्याकडच्या मे महिन्याचं ऊन मोबाइलवर काढून दाखवलं, तर त्यानं म्हणे तो आकडा दोनदा वाचला.

कुत्रा आला तो पांढराकरडा, दाट केसांचा, चालताना अंगावरचा सगळा कापूस हलायचा. माझ्या दुकानाला लागून एका चाचांचं रजयांचं दुकान आहे. ते दोरा दातात धरून त्याच्याकडं बघत राहिले.

"भाऊ, एक रजई तो आरामसे निकलेगी इसमेंसे."

"चाचा, त्याले हात नाई लावायचा," पुतणी म्हणाली.

"नहीं बेटा. फक्त अंदाज घेऊन राह्यलो."

गल्लीत कोणी त्याला अस्वल म्हणालं, कोणी मेंढरू. एकानं मला विचारलं, "याले स्वेटर काहून घातलं भाऊ?" पुतणी आधी चिडायची, मग तीच सांगू लागली, "हो, काढता येत नाई, चेन खराब झाली."

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला चांगला हिवाळा होता. आम्हाला मूलबाळ नाही. पहाटे मोटारसायकल काढायच्या ऐवजी मी पुतणी आणि कुत्र्याबरोबर पायी निघायचो. हरभऱ्याच्या वावराच्या बांधावर दहिवर असायचं, तो त्यात लोळायचा आणि अंग झटकून आम्हाला भिजवायचा. ती मला एकेक गोष्ट शिकवायची. केस कापायचे नाहीत, ते त्याला उन्हापासूनही वाचवतात. फिरून आल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यात गोचिड्या शोधायच्या. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघायची.

"तुमाले ठेवता आली तरच त्याले चालू द्यायचं, मोठेबाबा."

आजही मी उन्हाळ्यात दुकान उघडायच्या आधी वाकून रस्त्याला हात लावतो. लोकांना वाटतं, पाया पडतो.

चैत्र लागला तसं मी एका खोलीत एसी बसवून दिला. दिवस सरळ चालले होते. मग नागपूरला भावाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. तिघांनाही जाणं भाग होतं, आणि तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आजारी माणसाजवळ कुत्रा ठेवणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "तुमी बिनधास्त जा. मी हावो न."

निघताना पुतणीनं मला बाजूला घेतलं. "त्याचं खाणं डब्यात हाय. तेवढंच. बाकी काईच नाई द्यायचं."

"भाकरीचा तुकडाबी नाई?"

"नाई. प्रॉमिस करा."

मी केलं.

घरी दिवसा वीज जायची. एसी बंद पडला की ती खोली भट्टी व्हायची. म्हणून मी त्याला दुकानात नेऊ लागलो, तिथं जनरेटर होता. गिऱ्हाइकांना दाखवायला एक कूलर मी कायम चालू ठेवायचो, खसच्या ताट्या लावलेला. कुत्रा त्याच्यासमोर पसरायचा तो उठायचाच नाही. लोक त्यालाच बघायला यायचे.

"कूलर गार हवा देते का भाऊ?"

"मले कायले विचारता? त्याले विचारा."

चाचा म्हणायचे, यालाच पगारावर ठेव. त्या उन्हाळ्यात मी जितके कूलर विकले तितके आधी कधी विकले नव्हते.

मग तो आठवडा आला. उन्हानं झाडावरून साळुंक्या पडू लागल्या. जनरेटर मध्येच बंद पडला, कारागीर दोन दिवस आला नाही. वीज असली तरी कूलरची हवा गरम येऊ लागली. कुत्रा कुशीवर पडून असा धापत होता की त्याच्या बरगड्यांकडं बघवत नव्हतं. मी ओला टॉवेल टाकला, पाणी पाजलं, पंजे भिजवले, तिनं सांगितलेलं सगळं केलं. धाप कमी होईना. जेवायला डबा उघडला, भाकर, ठेचा, ताक, कांदा. कांदा फोडायला मूठ वर केली आणि मला माय दिसली. खोटं सांगत नाही, तिचा हातच दिसला, बांगडीसकट.

दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. आठवला. पण मी मनाशी म्हणालो, थंड देशातल्या पोरीला आपल्या उन्हातलं काय कळतं. आमी या उन्हात वाढलो.

कांदा ठेचला, थोड्या ताकात कालवला, भाकर कुस्करली. त्यानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि चाटूनपुसून खाल्लं. संध्याकाळी तो उठून शेपटी हलवत दारापर्यंत आला. ऊन उतरलं होतं, म्हणून उठला असेल. मला वाटलं कांद्यानं उठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. मग रोजच. नागपूरहून फोन आला की मी सांगायचो, "एकदम मजेत हाय." आणि फोन ठेवल्यावर मायला मनातल्या मनात सांगायचो की बघ, तुझी विद्या कामाला आली.

ते परत आले तेव्हा कुत्रा तिला बघून उठला, पण उडी मारायला गेला आणि बसला. तिला लगेच कळलं. तिनं त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. अंगणात तो मुतला तर ते काळ्या चहासारखं. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि अकोल्याला न्यायला सांगितलं. गाडीच्या मागच्या सीटवर त्याचं डोकं तिच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. ती सारखी विचारत होती, "दुकानात गोचिड्या दिसल्या होत्या का? लय धापत होता का?" मी उत्तरं देत होतो, सगळी खरी. अजून कोणी कांद्याचं विचारलं नव्हतं आणि माझ्याही मनात ते आलं नव्हतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, रक्त फार कमी झालंय, गोचीड ताप वाटतो, पण जंतू सापडत नाहीत. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "कांदा, लसूण, असं काही पोटात गेलंय का?"

मी तोंड उघडायच्या आधी ती बोलली. "नाई डॉक्टर. मोठेबाबा असं काई देत नाईत. मी सांगून गेली होती."

डॉक्टरांनी तरी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही होतात ना सोबत? आठवून सांगा."

ती माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत शंका नव्हतीच. शंका असती तर कदाचित मी खरं बोललो असतो.

"नाही," मी म्हणालो.

गोचीड तापाचीच औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी कुत्रा गेला. आम्ही त्याला परत आणलं आणि ज्या बांधावर तो लोळायचा तिथंच पुरलं. चाचांनी एक नवी कोरी रजई दिली, पांढऱ्या अस्तराची. पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही. माती लोटून झाल्यावर पुतणी म्हणाली, "पप्पा म्हणत होते ठेवून येऊ. मीच आणलं. इतक्या उनात मीच आणलं." भावानं तिला जवळ घेतलं. मी फावडं धुवायला गेलो.

पुढं काही दिवसांनी मी गावातल्या डॉक्टरांना एका गिऱ्हाइकाच्या कुत्र्याचं म्हणून कांद्याचं विचारलं. ते म्हणाले, थोडा थोडा रोज दिला तरी साचत जातो. वेळेवर कळलं असतं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवून बघता येतं, वाचतातच असं नाही. म्हणजे मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं, ते मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून मी कच्चा कांदा खात नाही. बायकोला वाटतं, पित्तामुळे.

पुतणीचं मन इथं लागलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ते तिघं परत गेले. भाऊ म्हणतो, पोरीसाठी गेलो. मी काही म्हणत नाही.

आता ती नोकरीला लागली आहे. तिकडं तिनं एक मांजर पाळलं. फोनवर ते मांजर कॅमेऱ्यासमोरून जातं, शेपटी दिसते नुसती. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिला सिंगापूरला पाठवतायत, पुढच्या महिन्यात निघायचं. मी म्हणालो, तिथं तर बारा महिने उकाडा. ती म्हणाली, हो, म्हणून तर.

"मांजर नाई नेत मी. एका बाईले देऊन राह्यली. एकदा आणून मारला न एक जीव, मोठेबाबा. आता नाई."

मी विचारलं, "ते राहील का तुह्याबिगर?"

"राहील. जिवंत तर राहील."

मग तिनं माझ्या तब्येतीचं विचारलं, दुकानाचं विचारलं, चाचांचं विचारलं. मी सगळं सांगितलं. फोन ठेवला आणि बराच वेळ चालू कूलरसमोर बसून राहिलो. ज्या पोरीनं पिंजऱ्यापासून हिवाळ्यापर्यंत सगळा विचार केला होता, तिला जनावर सांभाळता येत नाही असं वाटतं. ते मांजर महिनाअखेर दुसऱ्याच्या घरी जाईल.

तिची काही चूक नव्हती. शब्द मी मोडला, कांदा मी घातला आणि डॉक्टरांपुढं खोटं मी बोललो. मांजर द्यायच्या आधी हे माझ्या तोंडून तिला सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.