डाव्या चाकाची घरघर

बायको गेली, तिच्या नावानं पुण्यानुमोदन झालं, त्याच आठवड्यात पिकअपमधून आवाज यायला लागला. म्हणजे मले तरी तवाच ऐकू आला. काटा चाळीसच्या वर गेला की घर्र घर्र, दाणे न टाकता रिकामं जातं फिरवल्यासारखं. काटा खाली आणला की गप.

माह्या डाव्या कानाले काहीच ऐकू येत नाही. जवानीत फुटक्या सायलेन्सरचा ट्रॅक्टर दोन सीझन तसाच हाकलला, तवापासून. चौथी शिकलेल्या माणसाले कोण सांगणार का कान असेही जातात. पण माहं काही अडलं नाही, कारण डाव्या बाजूले ती बसे. जानेफळहून मेहकरच्या बाजारात आम्ही वांगी-मिरची नेत होतो. विकायची ती, मी फक्त ड्रायव्हर. डावीकडून कोणी हॉर्न वाजवला की माह्या मांडीवर थाप मारे. घरून भांडून निघालो असलो तर जरा जास्तच जोरात.

ती गेल्यावर तिच्या सीटवर मी वांग्याचं कॅरेट ठेवाले लागलो. सीटची स्प्रिंग बसली होती म्हणून ती पोत्याची घडी करून त्यावर बसे. घडी तशीच ठेवली, वर कॅरेट. कोणी रस्त्यात हात दाखवला तर सांगो, जागा नाही.

पोरगा बुलढाण्याले नोकरीले आहे. पुण्यानुमोदन झाल्यावर त्याले अन् पाहुण्यांले मी मेहकरच्या स्टँडवर सोडलं. तो मागं हौद्यात बसून आला, त्यानं आवाज ऐकला. उतरल्यावर म्हणे, "बाबा, विकून टाका हे. तुमचा एक कान, संगं कोणी नाही, अन् त्यात ही अशी गाडी. रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो."

"आवाज काढला तर?"

"तर ठेवा."

तिचं लुगडं-चोळी नातेवाइकांनी वाटून नेलं होतं. राह्यली होती ही गाडी. ती जाऊ द्यायची नव्हती मले.

मेहकरचा मिस्त्री माह्याच वयाचा, जुना वळखीचा. इचारलं त्यानं, "कोणत्या चाकाचा?"

"उजव्या."

"डावंबी जॅकवर घेतो."

"नको. रोज मी ऐकून राह्यलो का तू?"

त्यानं उजव्या चाकाची बेरिंग बदलली. गावाकडं निघालो तं पहिल्याच वळणापासून घर्र घर्र. दुसऱ्या दिवशी परत त्याच्या दारात. तो हसला.

"बुढ्या, एक कान मेलेल्या माणसाले आवाज कुठूनही येवो, चांगल्या कानाकडूनच आल्यासारखा वाटते."

"हे काल काऊन नाही सांगितलं बे?"

"काल तू ऐकत होता का?"

त्यानं माह्या हातातून चाबी घेतली. "मी चालवतो. तू तिकडं बस."

"तिकडं कॅरेट आहे."

"उतरव."

"मी मागं बसतो."

"मागं बसून घंटा समजते? बस मुकाट्यानं." त्यानंच कॅरेट उचलून खाली ठेवलं.

मी त्या पोत्याच्या घडीवर बसलो. गाडी घेतल्याले बारा वर्षं झाली, त्या बाजूनं कधी बसलो नव्हतो. काचेचं हँडल तुटलेलं होतं, हाताले लागू नये म्हणून तिनं त्याले चिंधी गुंडाळली होती. मले माहीतच नव्हतं.

सुलतानपूरच्या रस्त्याले लागलो. मिस्त्रीनं काटा पन्नासवर नेला अन् गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, घरघर तशीच. "इंजिनाचं नाही, चाकाचंच आहे," तो म्हणे. मंग स्टेरिंग जरा उजवीकडं दाबलं, की सारं वजन डाव्या चाकावर आलं.

कानाले मले काही फरक समजला नाही. पण पायाखालचा पत्रा थरथराले लागला. तळव्यातून पोटरीपर्यंत मुंग्या चढल्या.

मुंग्या. मागच्या पावसाळ्यात ती हेच म्हणत होती. "पायाखाली काही तरी गुणगुण करते हो, मुंग्या येतात." मी म्हटलं, तुले शुगर आहे, शुगरवाल्याचे पाय असेच असतात. डॉक्टरकडं नेलं. तो म्हणे पाय चांगले आहेत. मी म्हटलं, याले काय समजते. मंग रोज सांजच्याले तिळाचं तेल कोमट करून मीच तिचे पाय चोळून देत होतो, अन् मले वाटे का मी लय चांगला नवरा आहे.

एक दिवस ती म्हणे, "घरी नाही येत हो मुंग्या. गाडीतच येतात."

"घरी तू बसतेच कुठं?" मी म्हटलं. तीबी हसली.

ती गेली ते छातीच्या दुखण्यानं. पायाचा त्यात काही संबंध नाही, एवढं समजते मले. पण जाईपर्यंत ती आपले पाय बिघडले असंच धरून चालली. चपलीसुद्धा मऊ घेतल्या होत्या.

"आलं का पायाले?" मिस्त्री वरडून इचारत होता.

"हाव."

"मंग रडतो काऊन बे? बेरिंगच तं आहे."

डावं चाक खोललं. बेरिंग जळून निळी-काळी पडली होती, आतले दाणे खरवडलेले. त्यानं बोटावर घेऊन पाह्यली. "ही आजकालची नाही. वर्षभर सांगत असंन तुले."



रविवारी पोरगा गिऱ्हाईक घेऊन आला. साठपर्यंत पळवून पाह्यली, आवाज नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं. गाडी राह्यली माह्यापाशी.

आता कॅरेट मागं हौद्यात ठेवतो. कोणी हात दाखवला की थांबतो, त्या सीटवर बसवतो. अन् इचारतो, पायाखाली काही थरथरते का? लोक म्हणतात बुढ्याचं डोकं सरकलं. बसणारे बहुतेक 'नाही' म्हणतात. एकीनं हाव म्हटलं होतं. या खेपी तेल मी पायाले नाही, गाडीले लावलं.