पोस्टमास्तरांच्या मिशीची माशी

गिऱ्हाइकाची दाढी आणि करमणूक एकाच हाताने उरकणारा तो न्हावी दर उन्हाळ्यात एक दिवस दुकान बंद ठेवून नदीवर जायचा. गळाला गांडूळ लावणं त्याला कमीपणाचं वाटे. दुकानात पडलेले केस लाल दोऱ्याने गळाभोवती बांधून तो खोटी माशी करायचा आणि ती पाण्यावर अलगद टाकून माशाला फसवायचा. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. पोस्टमास्तरांच्या पांढऱ्या मिशीची माशी सगळ्यांत सरस, असं तो मिशी कातरता कातरता सांगे आणि पोस्टमास्तर खुर्चीत आणखी ताठ बसत.

"मग मासा कुठंय?" कुणीतरी विचारायचंच.

"हातभर होता. सोडून दिला बिचाऱ्याला."

यंदा गिऱ्हाइकांनी त्याला कोंडीत पकडलं. "वहिनींना घेऊन जा. त्या काय ते सांगतील." त्याची बायको खोटं बोलत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नवऱ्याच्या वस्तऱ्याला धार नाही, हेही तिने एकदा भर दुकानात सांगितलं होतं. आता 'नाही' तरी न्हावी कुठल्या तोंडाने म्हणणार?

गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने ऐटीत काठी फिरवली. पहिली माशी बायकोच्या छत्रीत अडकली, दुसरी त्याच्याच टोपीत, तिसरी काठावरच्या झुडपात.

"गावभराचे केस बांधून झाले," ती म्हणाली, "घरचे तेवढे कधी चालले नाहीत."

त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. तेवढ्यात समोर एका पाणमांजराने डोकं वर काढलं. तोंडात चांगला मासा. त्याने न्हाव्याकडे एकदा बघून घेतलं आणि बुडी मारली.

"बघा, त्याला जमतंय," असं म्हणत ती माशी सोडवायला झुडपाकडे गेली आणि एकदम गप्प झाली. ती गप्प झाली की न्हाव्याला धडकी भरे.

"अहो, इकडे या. हळू."

आतल्या बेचक्यात वाटीएवढं घरटं होतं. तीन चोची आ वासून बसलेल्या. त्यांच्याखाली मऊ पांढरे केस अंथरलेले आणि त्यांत गुंफलेला त्याचा लाल दोरा. बाहेरच्या फांद्यांवर जुने गळ गंजत लटकत होते.

तिने गळांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"एकसुद्धा मासा नाही?"

"एकसुद्धा नाही," तो म्हणाला. त्याला खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिल्लांना टोचतील म्हणून ती एकेक गळ सोडवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं. "काय वहिनी, मासा दिसला?"

न्हाव्याची कात्री थांबली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या मिशीवर तीन पिल्लं वाढतायत. यांचा दोरा मी स्वतः ओळखला."

अर्धा गाल साबणात असलेले पोस्टमास्तर उठून उभे राहिले. मग घरट्यात आणखी कुणाकुणाचे केस असतील यावरून अशी जुंपली, की माशाची कुणाला आठवणच राहिली नाही.

संध्याकाळी झाडलोट करताना त्याला आरशापुढे कागदाची पुडी सापडली. आत तिच्या कंगव्यातले केस होते, बरेचसे पांढरे.

"पुढच्या वर्षी हे बांधा," आतून आवाज आला. "गळ नको. नुसते झुडपात अडकवून येऊ."