तुळसाबाईंच्या गाण्यातली दोन नावं

नाही, कमेंटवाल्यांनो, तुमचं अजिबात ऐकणार नाही मी! “मधली नावं काप, बोअर होतात,” म्हणे. एकदा तुमचं ऐकून कापली, म्हणून तर सुरगाण्याला जावं लागलं.

गाणं तेच, हळदीचं. जुन्या बाजारात कॅसेट मिळाली, मी एक तुकडा टाकला, तुम्ही नावं काप म्हणालात, मी ती कापून रील टाकलं, तुम्ही नाचलात. मग गायिकेच्या, तुळसाबाईंच्या, नातीचा मेसेज आला: ‘आजी विचारते, नावं कुठं गेली?’

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी धरा. बायकांना हाफ तिकीट. वणी सुटलं की धुकं खिडकीतून येऊन मांडीवर बसतं. बोरगावला स्ट्रॉबेरी घ्या, आंबट निघाली तरी. सुरगाण्याहून पाड्यापर्यंत जीप, तीस रुपये. ती भरेपर्यंत हलत नाही. मी कानात गाणं लावून पेंगले. डोंगर चालतायत आणि जीप उभीच आहे, असं वाटत राहिलं.

तुळसाबाई अंगणात नागली पाखडत होत्या.

“तूच का ती कातरवाली?”

मी मान खाली घातली. त्यांनी आधी भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं, मग सांगितलं. नाशिकला एका खोलीत रेकॉर्डिंग होतं. भिंतींना गोधड्या, पंखा बंद. हळदीच्या गाण्यात नवरा-नवरीचं नाव घ्यावंच लागतं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, कुणाचंही घ्या.

“कुणाचंही कसं घ्यायचं? नाव घेतलं की लगीन लागतं. आमची दोन पोरं झाली व्हती, पण लगीन ऱ्हायलंच व्हतं. जेवणावळ परवडत नव्हती. मंग पदराला बांधलेली हळद गालाला लावली, आन् घेतली आमचीच नावं.”

“नवरदेव त्या दिशी निफाडला द्राक्षं तोडत व्हता,” ओट्यावरून काशीरामबाबा म्हणाले. “माझं लगीन मला कॅसेटीवर कळलं!”

“गप बसा वो.” मग माझ्याकडे वळून, हळूच, “पोरी, तू नावं काढली. आमचं लगीन मोडलं का?”

मी फोनवर उतरवलेली अख्खी कॅसेट लावली. खरखर, ढोलकी, तरुण तुळसाबाई. नावं आली तेव्हा बाबांनी टोपी सरळ केली.

“आता सगळ्यांना आसंच ऐकव,” त्या म्हणाल्या.

नाशिकला येऊन चार दिवस झाले. आता गाणं लावलं की ठेका ऐकू येत नाही, मी फक्त नावांची वाट बघत असते. रील उडवलंय. अख्खं गाणं वर टाकलंय. नावांपाशी पुढे ढकलू नका, तिथं लग्न लागतंय. कमेंट बंद केल्यात. निघाले मी.