आमच्या घराचं ऑडिट

आमच्या वरणाच्या कुकरवर स्लॅब पडला आणि आम्ही बेघर झालो.

अख्खा स्लॅब नाही, दप्तराएवढा पोपडाच पडला. पण पडला तो नेम धरून. माझी बायको सुषमा नेमकी तेव्हा कढीपत्ता तोडायला मागच्या दारी गेली होती, म्हणून वाचली. (तेव्हापासून आमच्या घरात तुळशीखालोखाल मान कढीपत्त्याला आहे.) महापालिकेचे इंजिनिअर आले, हातोडीनं इथंतिथं ठोकून, नोटीस हातात देऊन म्हणाले, "खांबांच्या सळ्या गंजल्यात. घर रिकामं करा, दुरुस्ती करा आणि मला दाखवा. मी राहण्यायोग्य म्हणून लिहून देईपर्यंत इथं कुणी राहायचं नाही."

म्हणून आम्ही बिऱ्हाड उचलून रावेतला, माझ्या मेहुण्याच्या, निलेशच्या फ्लॅटवर गेलो. अकरावा मजला. "दाजी, आपलंच घर समजा," निलेश म्हणाला. आम्ही समजलो. माझे वडील, आप्पा, काही समजायला तयार होईनात. त्यांचा सगळा जन्म आकुर्डीच्या गावठाणात गेलेला, ते घरही त्यांनीच उभं राहून बांधून घेतलेलं.

"हितं काय राहायचं?" ते म्हणत. "खाली बघावं तर माणसं मुंग्यावाणी, वर बघावं तर दुसऱ्याचा संडास."

अशातच पितृपंधरवडा तोंडावर आला. आप्पांनी जेवणं कमी केलं. खोदून विचारल्यावर म्हणाले, "माझ्या बापाची तिथ आली. घास आपल्याच गच्चीवर ठिवाया पायजे."

"आप्पा, इथं बाल्कनी आहे की."

"बाल्कनीला जाळी हाय. कबुतरांसाठी लावलीया. बाप आत कुठनं येईल? आन कावळ्याला रावेतचा पत्ता सांगायचा कुणी?"

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळलं. आप्पांनी आजवर त्यांच्या बापाला एकदाही उपाशी ठेवलं नव्हतं, आणि आता माझ्या स्लॅबमुळे तो उपाशी राहणार होता. मला फार वाईट वाटलं. तिथीच्या आत घर पास करून घ्यायचंच, असं मी ठरवलं आणि सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला. बिघडलं ते इथं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. परदेशी कस्टमरचं ऑडिट आलं की आमच्याकडे एकच धर्म पाळतात : रंग मारा! मशीन गळत असलं तरी चालेल, खालची फरशी चकाचक पाहिजे. ऑडिटरला काहीही उघडं दिसता कामा नये, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. ठेकेदारानं खांबांच्या सळ्या साफ केल्या, नव्या जोडल्या, भोवती काँक्रीट भरलं. काम झकास झालं होतं, पण दिसायला ते खांब म्हणजे प्लास्टर घातलेले पाय. माझ्यातला क्वालिटीवाला कासावीस झाला. मी वरून गिलावा करून घेतला, खांबांना पिवळेकाळे पट्टे मारले, सोफा कुठं ठेवायचा त्याच्या पिवळ्या रेघा हॉलमध्ये आखल्या. बटणांवर 'दिवा', 'पंखा' आणि गच्चीतल्या टाकीवर 'पाणी' अशी लेबलं लावली. (सुषमानं विचारलं, "माझ्यावर कुठलं लावताय?")

इंजिनिअर साहेब आले. दारातच थबकले.

"खांब कुठंय?"

"हा काय साहेब, पट्ट्यांचा."

"हा रंग आहे. खांब कुठंय?"

"आत आहे."

"मग आत काय केलंय ते मला कसं कळणार?"

मी ताबडतोब मोबाइलमधले फोटो दाखवले. 'आधी'च्या फोटोत गंजकी सळई होती, 'नंतर'च्या फोटोत पट्टे आणि शेजारी मनी प्लांट. मधला एकही फोटो नव्हता. साहेबांनी मनी प्लांट नीट पाहिला. "हे सगळं जागोजागी उघडं करा," ते म्हणाले, "मग बोलवा."

मग आम्ही सहकुटुंब खरवडायला बसलो. मी, सुषमा, ठेकेदाराची माणसं, आणि सुट्टी टाकून आलेला निलेश. (आम्हाला घरी पोचवण्याचा त्याचा उत्साह जरा जास्तच होता.) आप्पा ओट्यावर बसून बघत होते.

"आधी लपवायचं, मंग उकरायचं. कंपनीत ह्येच शिकिवत्यात व्हय रं दत्त्या?"

मी खरवडत राहिलो. साहेबांना पुन्हा फोन केला, तर त्यांना वेळ होता तो नेमका तिथीच्याच दिवशी सकाळी. मी आप्पांना बजावलं, "साहेब येऊन जाईपर्यंत घर रिकामं दिसलं पाहिजे. घासाचं नंतर बघू."

"बरं," आप्पा म्हणाले. आमचे आप्पा 'बरं' म्हणाले की समजावं, त्यांनी ऐकलेलं नाही.

त्या दिवशी मी साहेबांना घेऊन घरात शिरलो. त्यांनी एकेक खांब ठोकून पाहिला, छत पाहिलं, आणि मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. "आता गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघू," ते म्हणाले आणि जिना चढले. वर पाहतो तर आप्पा, सुषमा, निलेश आणि त्याची बायको रूपाली रांगेत हात जोडून उभे! समोर केळीच्या पानावर खीर, वडे, गवारीची भाजी. सगळं पहाटे मी उठायच्या आत रावेतला रांधून, मी साहेबांना आणायला गेल्यावर निलेशच्या गाडीतून आणलेलं.

"घर रिकामं ठेवायला सांगितलं होतं ना?" साहेब म्हणाले.

"रिकामंच हाय," आप्पा म्हणाले. "राहायला कोन आलंय? जेवाया आलाय माझा बाप. नोटिशीत पित्रांचं नाव न्हाई. आता पुढं येऊ नका सायेब, कावळा बुजंल."

कावळा माझ्या 'पाणी' लेबलाच्या वर, टाकीवर बसला होता आणि घासाला शिवत नव्हता. साहेबांनी चपला काढल्या आणि तेही रांगेत उभे राहिले. आता गच्ची तपासणं कावळ्याच्या हातात होतं. त्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द देणं आलं.

"आबा," आप्पा म्हणाले, "नातवंडांचं सगळं नीट करू." कावळा ढिम्म.

"दरवर्षी गवार मीच निवडून करीन," सुषमा म्हणाली. कावळ्यानं चोच पुसली.

निलेशला भरून आलं. "आजोबा, हे लोक माझ्याकडे कितीही दिवस राहिले तरी माझी हरकत नाही." रूपालीनं त्याच्याकडे पाहिलं. कावळ्यानंही पाहिलं.

शेवटी साहेबांनी घसा साफ केला. "आजोबा, खांब मी पाहिलेत, पक्के आहेत. गच्चीही इथून ठीक दिसतेय. घर राहण्यायोग्य आहे, आजच लिहून देतो."

आप्पांनी डोळे पुसले. मलाही हुंदका आवरेना. पण कावळा जागचा हलेना. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"दत्त्या," आप्पा म्हणाले, "त्येचा जीव तुझ्यातच अडकलाय."

मी हात जोडले. "आजोबा, या घरात मी पुन्हा कधी ब्रश हातात..."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा झेपावला आणि वडा घेऊन उडाला. मी जन्मायच्या कितीतरी आधी गेलेल्या आजोबांनी मला बरोबर ओळखलं होतं.