धावत्या एस.टी.त घासलेला कळस

भांड्याला पॉलिश झालं की मिस्त्री डोळे मिटायचे आणि अंगठा त्याच्यावरून अलगद फिरवायचे. कुठं खरखर लागली की म्हणायचे, "अजून बोलून राहिलं ना हे!" आणि पुन्हा घासायला घ्यायचे. अंगठा न अडता फिरला की म्हणायचे, "झालं चूप."

सत्तरच्या दशकात भंडाऱ्यातल्या एका पितळी भांड्यांच्या दुकानात मी सेल्समन होतो, आणि ते मागच्या खोलीत पॉलिशच्या चाकावर. तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं! माणूस पॉलिशच्या धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत काळा, पण हातातल्या घागरीत आपलं तोंड दिसायचं.

सानगडीच्या देवळाचा कळस त्यांनीच चमकवला होता. बसवायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तो घेऊन स्टँडवर पोचलो. रिक्षातून उतरवताना तो माझ्या हातून निसटला आणि खडीवरून फरफटत गेला. पोटावर वीतभर ओरखडे! मुहूर्त दुपारचा, गाडी सुटायला आलेली. मी तिथंच डोकं धरून बसलो.

"रडून काय होते? चाल, चढ गाडीत," मिस्त्री म्हणाले.

सीटवर बसताच त्यांनी झोळीतून पॉलिश पेपर काढला. कळस मी गुडघ्यांत धरला. खर्र, खर्र!

कंडक्टर ओरडला, "काहून जी, गाडीत कारखाना खोलला का?"

"खोलला! डायव्हरले सांग, खड्डे पाहून चालव म्हणा!"

वैनगंगेचा पूल गेला. माझे हात भरून आले तेव्हा शेजारच्या धोतरवाल्यानं कळस धरला, मग त्याच्या मागच्यानं. लाखनीला चढलेल्या एका म्हातारीनं पिशवीतलं जुनं लुगडं टर्रकन फाडलं. "घे बाबू, हे मऊ हाय." त्याला झोळीतला पॉलिशचा लाल मसाला लावून मिस्त्रींचे हात असे फिरू लागले की बघणारे उभे राहिले.

साकोली आली. मिस्त्रींनी डोळे मिटले, अंगठा फिरवला. अख्ख्या गाडीनं श्वास रोखला.

"झालं चूप!"

काय शिट्ट्या वाजल्या! डायव्हरनंसुद्धा हॉर्न दिला.

सानगडीत मुहूर्तावर कळस चढला. त्याच्यावर ऊन पडलं, तसा गावानं एकच जयघोष केला. डफडी-सनईला जोर आला. पाटील नारळ घेऊन मला म्हणाले, "मिस्त्री कुठी हाय? त्यायच्या हातानं फोडू."

मिस्त्री निंबाखाली मातीतच आडवे होऊन गाढ झोपले होते. तोंड उघडं, बोटं सुजून लाल.

पाटलांनी जवळ येऊन पाहिलं. मग वळून त्यांनी वाजंत्र्यांना हात केला.

"थांबा रे. झोपू द्या त्यायले."