बारावा संदेश

माझे सासरे दीनानाथ यांना लेस्टरमध्ये सगळे ‘मेजरसाहेब’ म्हणतात. मेजर ते कधीच नव्हते. जन्म नैरोबीचा. १९५४ साली केनियात गोऱ्यांविरुद्धचं बंड मोडायची लढाई चालू होती, तेव्हा ते फौजेच्या वायरलेस चौकीवर सिग्नल्स ऑफिसर होते. त्याबद्दल दोन पदकं मिळाली. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे पंचवीस वर्षं, ती मीच पुसतेय, आणि खरं सांगायचं तर चारचौघांत मीही त्यांचा तोरा मिरवला.

यंदा रिमेम्ब्रन्स संडेला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, मराठी मंडळाने त्र्याण्णव वर्षांच्या बाबांचा सत्कार ठरवला. मानपत्र वाचणार होती आमची लेक सिया. ती ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, हिस्ट्री करते, म्हणजे नाक खुपसायचा परवानाच. माझा नवरा गिरीश गाडी काढायला गेला, मी बाबांच्या कोटावर पदकं लावत होते, आणि ही कागद घेऊन समोर उभी.

“‘सलग छत्तीस तास एकही संदेश चुकला नाही,’” तिने वाचलं आणि आपल्या इथल्या मोडक्या मराठीत विचारलं, “आजोबा, त्या दिवशी काय झाला होता?”

“काम झालं.”

“कसला काम?”

“सिया, आत्ता नको,” मी म्हटलं. पण बाबांनी माझा हात बाजूला केला.

“संदेशांना क्रम असतो,” ते म्हणाले. “तातडीचे आधी, साधे मागून. फौजेचा संदेश तातडीचा, गावच्या मुखियाचा साधा. त्या सकाळी फौज एक गाव जाळायला निघाली होती. गाव रिकामं आहे असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात मुखियाचा संदेश आला, बायकापोरं अजून झोपड्यांत आहेत. पुढे अकरा तातडीचे होते. मी तो बारावा लावला. तो पोचला तोवर गाव जळलं होतं.”

बाहेर गिरीशने हॉर्न वाजवला. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवला हा माणूस, आणि तोंडातून ब्र नाही! राग आला त्यांचा. सियाचाही आला, आजच खपली काढली म्हणून.

“पण आत काय आहे ते तुम्हाला माहीत नव्हता ना?” सियाने विचारलं. “यू जस्ट पास्ड इट ऑन, राइट?”

हो म्हणा बाबा, मी मनात म्हणत होते. खोटं का होईना, हो म्हणा.

“मीच उतरवून घेतला होता. माझ्याच अक्षरात.”

सियाने मानपत्र टेबलावर ठेवलं. “मी हे वाचणार नाही.”

“नकोच वाचूस. तिथे मीच बोलतो, आत्ता बोललो तेच. तू फक्त समोर बस.”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“बसेन,” ती म्हणाली. “पण टाळ्या नाही वाजवणार.”