कुंकू लावलेली कडी

इकडे दक्षिणेत, मेलकावेरीच्या बाजूला एका व्यायामशाळेत मुलांसाठी चढायची भिंत आहे. तिथे खाली उभा राहून दोर धरायचं काम मी दोन वर्षं केलं. चढताना हातपाय कामाला येतात. उतरताना मात्र सगळं वजन कमरेच्या पट्ट्याला दोर अडकवणाऱ्या एका कडीवर येतं.

नवरात्राआधी कड्या बनवणाऱ्यांचं पत्र आलं: या क्रमांकाच्या कड्यांचं तोंड कधी कधी मिटत नाही, वापर ताबडतोब थांबवा, बदलून देऊ. तशा सहा कड्या मी बाजूला काढल्या. मालक म्हणाला, "दसऱ्याची गर्दी होऊ दे, मग पाठवू."

आयुधपूजेला त्याने त्याच कड्या ओळीने मांडल्या. चंदन थापलं, कुंकू लावलं, कापूर ओवाळला. चंदन नेमकं क्रमांकावर. आमच्या घरीही त्या दिवशी शिवणयंत्राला कुंकू लागतं, मी काही नास्तिक नाही. पण देवीपुढे भंगार मांडून तिलाच जामीन ठेवायचं? किळस आली मला. याला देवभोळेपणा म्हणत नाहीत, हलकटपणा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी, नवी विद्या सुरू करायचा मुहूर्त. कड्या परत पट्ट्यांना लागलेल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या आमच्याच मराठी माणसांतली एक बाई सात-आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. "अण्णा, अस्कं नीट आहे की? दोर, पट्टा, कडी, सगळं?" तिने विचारलं. मालक मागेच उभा होता. आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, "पूजा झाली आहे."

खोटं नव्हतं, म्हणून जास्तच घाणेरडं होतं. बाईने कडीला हात लावून डोळ्यांना लावला. मुलगी चढू लागली. दोन पुरुष उंचीवर ती आईकडे बघायला वळली, तेव्हा मला कडीचं तोंड दिसलं. चंदनाने चिकटून ते उघडंच राहिलं होतं.

"दोराला लोंबू नकोस, हातांनी उतर!" मी ओरडलो.

ती रडत, गुडघे खरचटवत, एकेक खुंटी धरून खाली आली. मालक कुरकुरला, शुभदिवशी पोरांना कशाला घाबरवतोस म्हणून. मी कडी सोडवली आणि अंगठ्याने चंदन खरवडलं. क्रमांक कुठे आहे ते मला शोधावं लागलं नाही.

बाई माझ्या अंगठ्याकडे बघत होती. मालकाकडे तिने पाहिलंही नाही. लेकीला पोटाशी धरून ती म्हणाली, "अण्णा, तुम्हांस ठाऊक होतं."